गोडाचा हिशोब कोण मागतो?



विषय वाचून काहीजण हसतील. शिष्यवृत्त्या रखडल्या आहेत, वसतिगृहांचे हाल आहेत, गावोगावी अत्याचार थांबत नाहीत आणि ही पोरं हॉटेलातल्या गोडावर लेख लिहायला बसली! आम्हालाही आधी असंच वाटलं होतं. पण गेल्या महिन्यात एका साध्या प्रसंगावरून आम्ही पाचजण तीन रात्री एकमेकांशी भांडलो. एवढं भांडण तर आमचं निवडणुकीतल्या उमेदवारावरूनही झालं नव्हतं. म्हणून लिहितोय.

घडलं ते असं. आमच्यातल्या एकाची कित्येक महिने अडकलेली फेलोशिप एकदाची खात्यावर जमा झाली. आम्ही पाचही जण पुण्यात शिकणारे. दोघे हिंगोलीकडचे, एक लातूरचा, एक बुलढाण्याचा आणि एक ताई अकोल्याची. तीन वर्षं एकाच मेसमध्ये जेवतो. रविवारची फीस्ट म्हणजे आमची चैन, त्यात वाटीभर शिरा नाहीतर दोन गुलाबजाम, आणि तिसरा मागितला की मेसवाले काका भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवतात. तर ज्याचे पैसे आले तो म्हणाला, चला, आज माझ्याकडून. सोबत त्याच्याच प्रोजेक्टवर काम करणारा एक सवर्ण मित्रही आला. मित्र म्हणतोय ते मनापासून, शत्रू नाही तो.

जेवण झालं. वेटरने ताटं उचलली, पुन्हा मेनूकार्ड पुढे केलं आणि विचारलं, "गोड काही घेणार का, सर?"

इथे आम्ही सगळे खोटं बोललो. एक म्हणाला पोट भरलं. एक म्हणाला मला गोड फारसं आवडत नाही, आणि हाच गडी घरी गेला की आईच्या डब्यातला गूळ चोरून खातो. ताई म्हणाली, मी डाएटवर आहे. तिला डाएट परवडण्याइतकं जेवण कधीपासून मिळायला लागलं हे आम्हाला ठाऊक नाही. सगळ्यांचे डोळे कार्डाच्या उजव्या बाजूला गेलेले होते. आमच्या पिढीला मेनूकार्ड उजवीकडून वाचायची सवय आहे, आधी आकडा आणि मग पदार्थ. ब्राउनी दोनशे ऐंशी रुपये. त्याखाली तिरामिसू, तीनशे वीस. तो शब्द कसा उच्चारायचा याची खात्री नसल्यामुळे तो घ्यायचा प्रश्नच नव्हता. अशा वेळी आपण बोट ठेवून "हे द्या" म्हणतो. तुम्हीही म्हणत असाल.

शेवटी ज्याच्या पैशांची मेजवानी होती त्यानेच सिझलिंग ब्राउनी मागवली. एक, आणि चमचे सहा. तापलेल्या तव्यावर चॉकलेट चरचरत आलं, धूर निघाला, ताईने फोटो काढला. आणि तेवढ्यात तो मित्र हसत म्हणाला, "चला, सरकारचे पैसे सत्कारणी लागले!"

आम्हीही हसलो. नंतर बराच वेळ कोणी काही बोललं नाही. ब्राउनी अर्धी तव्यावरच थिजली.

रात्री ताईने तो फोटो स्टेटसला टाकला. सकाळी आमच्या जिल्ह्यातल्या एका ज्येष्ठ काकांचा ग्रुपवर मेसेज होता. नामांतराच्या लढ्यात लाठ्या खाल्लेले, तुरुंगात गेलेले हे काका. त्यांनी लिहिलं होतं की पोरांच्या फेलोशिपसाठी लोक उपोषणाला बसतात आणि आमचे उद्याचे कार्यकर्ते आइस्क्रीम चाटत बसतात, बाबासाहेब लंडनला अर्धपोटी राहून शिकले ते याचसाठी का?

आता गंमत बघा. एकाने म्हटलं सरकारचा पैसा. दुसऱ्याने म्हटलं समाजाचा पैसा. ज्या पोराने चार वर्षं संदर्भालयात पाठ मोडून काम केलं, त्याचा तो पैसा आहे असं दोघांपैकी एकालाही वाटलं नाही.

आधी त्या मित्राचं बघू, कारण ते सोपं आहे. त्याच टेबलावर त्याने स्वतःसाठी मॉकटेल मागवलं होतं. त्यालाही प्रोजेक्टचं मानधन मिळतं, तेही सरकारी अनुदानातूनच येतं. पण त्याच्या मॉकटेलला सरकार आठवलं नाही. त्याच्या वडिलांच्या पगाराला, आजोबांच्या पेन्शनीला, काकांना मिळालेल्या भूखंडाला कधीच आठवत नाही. त्याने गोड मागवलं तर ती त्याची आवड. आपण मागवलं तर ते सार्वजनिक बांधकाम खात्याचं बिल, कोणीही यावं आणि तपासून जावं!

हे आजचं नाही. जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं आणि पुढे त्यांनी होऊ न दिलेलं बाबासाहेबांचं ते भाषण, 'जातिसंस्थेचे निर्मूलन', १९३६ साली पुस्तकरूपाने आलं. आपण सगळे त्याचं नाव घेतो. त्यात सुरुवातीलाच जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्याने आपल्याच लोकांना जेवण दिलं. पंगतीत तूप वाढलं. शेकडो हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं आणि जेवणाऱ्यांना झोडपलं. तूप त्याच्या पैशाचं होतं, पाहुणे त्याच्या जातीचे होते, कोणाच्या ताटाला कोणी शिवलं नव्हतं. म्हणजे इथे विटाळाचा प्रश्नच नव्हता. ऐपत असूनही तुम्ही तूप खायचं नाही, एवढाच मुद्दा होता. बाबासाहेबांनी नेमकं हे उदाहरण का निवडलं असेल याचा विचार करा. विहीर, देऊळ, रस्ता यांवर मालकी सांगता येते. पण दुसऱ्याच्या ताटातल्या तुपावर कोणाची मालकी?

त्या मित्राचा विनोद चकवाऱ्याच्या लाठीइतका मोठा आहे असं आम्ही म्हणत नाही. तसं म्हटलं तर लाठी खाल्लेल्यांचा अपमान होईल. पण दोन्हींची नजर एकाच जागी जाऊन थांबते, ताटाच्या त्या कोपऱ्यात जिथे गरजेपेक्षा थोडं जास्त वाढलेलं असतं. भाकरीला कोणी हरकत घेत नाही. गरीब दलित विद्यार्थी वडापाव खाऊन अभ्यास करतो हे चित्र सगळ्यांना आवडतं, त्यावर लोक हळहळतात, बातम्या करतात. तोच विद्यार्थी ब्राउनी खाताना दिसला की चित्र बिघडतं. "मग आरक्षण कशाला हवं?" हा प्रश्न त्या क्षणी तयार होतो. आपण भुकेले असेपर्यंतच आपली बाजू खरी!

हॉटेलचा प्रश्न आपल्याला नवा आहे का? संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं आणि हॉटेलं यांचा स्पष्ट उल्लेख आहे. केवळ धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यावरून तिथे कोणाला अडवता येणार नाही असं लिहून ठेवावं लागलं, कारण अडवलं जात होतं. त्याआधी कोल्हापुरात गंगाराम कांबळेंना शाहू महाराजांनी चहाचं हॉटेल काढून दिलं आणि स्वतः जाऊन तिथला चहा घेतला, सोबतच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावला. राजाला चहा पिऊन दाखवावा लागतो, एवढी मोठी गोष्ट होती ती. आणि गावातल्या हॉटेलांत आपल्यासाठी वेगळी कपबशी, बाहेरच्या खुंटीला किंवा वळचणीला ठेवलेली, आपणच धुवायची आणि आपणच परत ठेवायची, हे तर आपल्या आईवडिलांनी भोगलेलं आहे. कायदा झाल्यावर कप आत आला. नजर अजून वळचणीलाच आहे.

गोडाची गोष्ट तर आणखी वेगळी. ज्याला आज डेझर्ट म्हणतात तो प्रकार आपल्या मुलखात मुळात नव्हताच. महाराष्ट्राच्या पारंपरिक जेवणात गोड सहसा जेवणानंतर वेगळं येत नाही, ते ताटातच असतं, पुरणपोळी असो की श्रीखंड. जेवण उरकल्यावर वेगळं कार्ड आणून गोड विचारायची पद्धत साहेबाची, ती हॉटेलांनी उचलली. म्हणजे या बाबतीत सवर्ण आणि आपण दोघेही नवशिकेच. पण तिरामिसू कसं म्हणतात ते त्याला घरात कळलं, आपल्याला इंटरनेटवर ऐकून पाठ करावं लागलं.

आपल्याकडे गोड कुठून यायचं? आमच्यातल्या एकाची आजी सांगायची. पाटलाच्या घरचं लग्न असलं की आपली माणसं दिवसभर लाकडं फोडणार, आणि शेवटची पंगत उठल्यावर उरलेली बुंदी पदरात पडणार. दुरून टाकलेली. त्यात भाताची शितं, भाजीचा रस्सा मिसळलेला असायचा. आजी म्हणायची, आमची बुंदी तिखट असायची. लहानपणी आम्ही यावर हसायचो, आम्हाला तो आजीचा विनोद वाटायचा.

स्वतःच्या हाताने केलेलं, मानाने वाढलेलं गोड आपल्या वस्तीत आलं ते भीमजयंतीला आणि बुद्धपौर्णिमेला. १४ एप्रिलच्या मिरवणुकीतली बुंदी सुकी असायची, द्रोणात असायची आणि ती कोणी दुरून टाकत नव्हतं. बुद्धपौर्णिमेची खीर तर विचारूच नका. मोठ्या पातेल्यातली, जरा करपलेली, विहाराबाहेर रांगेत उभं राहून घेतलेली. त्या खिरीचा संदर्भ सुजाताचा, हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्याच्या पुढचं आपण सांगत नाही, आणि काकांच्या मेसेजनंतर आम्हाला आठवलं ते नेमकं पुढचं.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये तो प्रसंग आहे. सिद्धार्थ गौतमाने देह झिजवून पाहिला. त्यातून ज्ञान मिळत नाही हे कळल्यावर त्याने उरुवेलेला सुजाताने दिलेलं अन्न खाल्लं. ते पाहून त्याच्यासोबतचे पाच परिव्राजक संतापले, याने तप सोडलं म्हणाले आणि त्याला टाकून निघून गेले. ज्या माणसाने राज्य सोडलं, घर सोडलं, त्याच्याबद्दल त्याच्याच साथीदारांचं मत एका जेवणाने बदललं! आणि पुढे सारनाथला पहिलं प्रवचन ऐकायला कोण होतं? तेच पाच जण. त्यांना काय सांगितलं? ना देहदंड, ना विषयसुखात लोळणं, मधला मार्ग.

हे आम्ही काकांना लगेच लिहून पाठवलं नाही. आधी आपसात भांडलो.

कारण आमच्यातल्या लातूरच्या भावाने वेगळाच प्रश्न काढला. तो म्हणाला, मित्राचं सोडा, काकांचंही सोडा. माझी आई खुरपायला जाते, तिला दिवसाचे तीनशे रुपये मिळतात. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच वाकून. ती ब्राउनी दोनशे ऐंशीची होती, वर टॅक्स. मी एक घास खाल्ला आणि माझ्या डोळ्यांपुढे विळा आला. मला कोणी टोमणा मारला नसता तरी ती मला गेली नसती.

याला आमच्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण नाही. बाहेरच्याला उत्तर देता येतं, कलम सांगता येतं, पुस्तक काढून दाखवता येतं. पण आपल्याच आईच्या रोजाशी आपली वाटी तोलली जाते तेव्हा काय करायचं? ताईचं म्हणणं होतं की हा अपराधीपणाच आपल्याला शिकवला गेलाय. गरिबी पवित्र, मन मारणं थोर, जिभेचे चोचले वाईट हे शिकवणारे कोण होते? ज्यांच्या घरी खायला भरपूर होतं तेच. बाबासाहेबांनी गांधीवादावर जी टीका केली त्यात हा मुद्दा आहेच. यंत्रं आणि आधुनिक संस्कृती हवी, कारण तिच्यामुळे माणसाची पशूसारख्या राबण्यातून सुटका होते, त्याला फुरसत मिळते, असं ते मांडतात. दारिद्र्याला धन्य मानायला त्यांनी कधीच सांगितलं नाही, आणि बुद्धानेही ते सांगितलं नाही असं त्यांनी लिहिलंय. ते स्वतः सुटाबुटात वावरले त्यावरही लोकांनी बोटं मोडलीच होती. लंडनला ते अर्धपोटी राहिले हे खरं. पण तुम्हीही अर्धपोटी राहा असा त्याचा अर्थ काढणं म्हणजे त्यांच्या उपासमारीचं व्रत करून टाकणं आहे.

ताईचं बोलणं पटलं. तरी लातूरचा भाऊ म्हणाला, तुझं सगळं बरोबर, पण विळा जात नाही.

मग त्यानेच गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगितली, जी आम्हाला अर्धीच माहीत होती. त्याच्या एमएच्या पदवीदानाला आई पुण्याला आली होती. समारंभानंतर तो तिला आइस्क्रीमच्या दुकानात घेऊन गेला. एसी, काचेची दारं, उंच खुर्च्या. आई आधी म्हणाली, मला गोड चालत नाही. मग म्हणाली, दात दुखतो. मग म्हणाली, तू खा, मी बघते. त्याने ऐकलं नाही, सीताफळाचं आइस्क्रीम काचेच्या वाटीत मागवलं. तिने ते इतकं हळूहळू खाल्लं की शेवटी त्याचं दूध झालं, आणि ते दूधही तिने वाटी तोंडाला लावून संपवलं. मग ती उठली. वाटी हातात घेऊन इकडेतिकडे बघायला लागली. त्याने विचारलं, काय पाहिजे? ती म्हणाली, "नळ कुठंय रे?"

त्याला एकदम कळलं नाही. तिला वाटी धुवून ठेवायची होती. लहानपणी गावच्या हॉटेलात बापासोबत जायची तेव्हा तेच करायची.

हे ऐकल्यावर त्या रात्री भांडण संपलं. निकाल लागला म्हणून नाही, पुढे कोणाला बोलवेना म्हणून.

गोड खाणं म्हणजे क्रांती, असलं काहीतरी लिहून आम्ही तुमच्या टाळ्या घेणार नाही. बाजाराला आपल्या जातीशी देणंघेणं नसतं असं म्हणतात. तेही अर्धंच खरं. टेबलावर नोट ठेवली की ब्राउनी येते, पण मागच्या मोरीत तो चॉकलेट चिकटलेला तवा घासणारी पोरं कुठल्या वस्तीतली असतात हे जरा डोकावून बघा. आम्हाला वाढणारा वेटर जालन्याचा निघाला. ताईच्या किल्लीला अडकवलेलं निळं अशोकचक्र बघून त्याने बिल ठेवताना हळूच जयभीम घातला. त्याच्या ड्यूटीत बसून जेवायची सुट्टी दुपारी साडेचारला असते, हेही त्याच्याकडूनच कळलं. तेव्हा चळवळीच्या लोकांनी हॉटेलात जाऊन फक्त मेनूकार्ड वाचून परत येऊ नये एवढं म्हणतो.

आणखी एक आपल्यातलंच. बिल सारखं वाटून घेताना ज्याने गोड खाल्लं नाही त्याच्याही माथी ते मारू नका. ग्रुपमध्ये एकजण दर वेळी "पोट भरलं" म्हणतो, त्याचं पोट खरंच भरलेलं असतं की महिन्याअखेर घरी पाठवायचे दोन हजार त्याच्या डोक्यात असतात, हे ओळखता यायला हवं. मुलींच्या बाबतीत तर दुप्पट. ताईने दुसऱ्यांदा चमचा घातला तेव्हा "वजन वाढेल" असं म्हणणारा कोणी सवर्ण नव्हता, आमच्यातलाच होता. त्याने माफी मागितली आहे, म्हणून लिहायला हरकत नाही. आणि समाजाचा विसावा हिस्सा आधी बाजूला काढायचा, उरलेल्यावर कोणाला हिशोब द्यायचा नाही, असं आमच्यापुरतं ठरलंय.

काकांना मात्र उत्तर द्यायचं राहिलं होतं. मेसेजवर भांडण्यापेक्षा भेटू म्हटलं. ते एका बैठकीसाठी पुण्याला आले तेव्हा आम्ही त्यांना जेवायला घेऊन गेलो. पाच परिव्राजकांची गोष्ट सांगितली. काका हसले. म्हणाले, मला पाचातला करून टाकलं का? मग बराच वेळ भाताशी चाळा करत राहिले आणि बोलले.

१४ जानेवारी १९९४. विद्यापीठाचा नामविस्तार झाला. वस्तीत पेढे वाटले जात होते, काकांच्याही हातावर पडला. सोळा वर्षं ज्यासाठी घालवली ते झालं होतं. पण पोचीराम कांबळेंना ७८ साली मारलं तेव्हा काका त्याच भागात होते. आणि नांदेडला गौतम वाघमारेंनी स्वतःला पेटवून घेतलं त्याला तर दोन महिनेही झाले नव्हते. काका म्हणाले, पेढा तोंडापर्यंत नेला आणि खाली घेतला. एका लहान पोराला देऊन टाकला. तेव्हापासून बाहेर कुठे गोड खाल्लं नाही. घरी खातो. बाहेर नाही.

आमच्याकडे युक्तिवाद पुष्कळ तयार होते. एकही काढला नाही. लातूरच्या भावाने तर मानच खाली घातली होती.

वेटर आला, गोड काही घेणार का म्हणाला. आम्ही सगळे एकदम "नको, नको" म्हणालो. काकांनी कार्ड ओढून घेतलं, चष्मा वर करून उजवीकडून वाचलं, एक मोठा उसासा टाकला आणि वेटरला म्हणाले, "यांना पाच कुल्फ्या आण. मला कोरा चहा." मग आमच्याकडे वळून म्हणाले, "खा. पण केवढ्याला पडल्या ते मला सांगू नका."